निरीक्षणगृहातून सुटणाऱ्या भाच्याला गावात ठेवावे की सुरतला पाठवावे?

तापीकाठचा मामा (चोपडा तालुका)

सर्व सभासदांस नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा सतरा वर्षांचा आहे. नववीनंतर त्याने शाळा सोडली आणि ओळखीने भुसावळला एका हॉटेलात कामाला लागला. ज्या मुलांबरोबर तो खोलीवर राहत होता, त्यांच्या संगतीने त्याला आधी पंक्चर काढण्याचे सोल्युशन हुंगण्याची आणि नंतर, मालेगाव-धुळ्याकडे ज्यांना ‘कुत्ता गोळी’ म्हणतात त्या गोळ्यांची सवय लागली. हॉटेलची मजुरी गोळ्यांना पुरेना, तेव्हा फलाटावर झोपलेल्या प्रवाशांचे मोबाइल उचलणाऱ्या मुलांत तो सामील झाला आणि पकडला गेला. घरी सोडले तर तो पुन्हा त्याच मुलांत जाईल, असे मानून बाल न्याय मंडळाने त्याला निरीक्षणगृहात ठेवले. आता पुढच्या तारखेला त्याला आमच्या ताब्यात दिले जाण्याची शक्यता आहे, असे परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांनी कळवले आहे.

घरची परिस्थिती अशी की बहीण केळीच्या बागेत आणि हंगामात कापूस वेचायला मजुरीने जाते. मेव्हणे रोज संध्याकाळी पिऊन येतात आणि मुलाचे नाव काढले की आरडाओरडा सुरू करतात. भाऊबंदांचे म्हणणे असे की पोराला गावात आणूच नये, सुरतला उधन्यात चुलत भाऊ लूमवर आहे, त्याच्याकडे परस्पर पाठवून द्यावे, म्हणजे तो सुधारेलही आणि गावात बोभाटाही होणार नाही. बहिणीचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. मुलगा डोळ्यांआड गेला की पुन्हा हातात येणार नाही, असे तिला वाटते.

मागच्या भेटीत तो पुष्कळ निवळलेला दिसला. चेहरा भरला आहे, बोलताना जीभ अडखळत नाही, मात्र हाताला अजून बारीक कंप आहे आणि रात्री झोप लागत नाही, असे तो म्हणाला. निघताना त्याने आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी येता येईल का, एवढेच विचारले.

मुलगा वाईट नाही, असे प्रत्येक मामा म्हणेल, म्हणून ते मी सांगत नाही. मला एवढेच विचारायचे आहे की अशा मुलाला परत आणताना काय तयारी करावी लागते, औषधोपचार चालू ठेवायचे ते कुठे, त्याला कोणत्या कामाला लावावे, आणि सुरतचा विचार योग्य आहे का. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


निवृत्त परिविक्षा अधिकारी, धुळे

भाऊ, मुलगा दारात येण्याआधी तुम्ही हा प्रश्न विचारलात, याचे मला समाधान वाटले. बहुतेक घरांत आदेशाच्या दिवशी गाडीभाड्याची जुळवाजुळव होते आणि पुढे काय याचा विचार मुलगा घरी आल्यावर सुरू होतो. माझ्या नोकरीत मी जी मुले पुन्हा घसरलेली पाहिली, त्यांतली बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत आणि संध्याकाळच्या वेळी घसरली. दिवसभर पाहुणे असतात, आईचा हात डोक्यावरून फिरत असतो. दिवेलागणीला मात्र घरात भांडण पेटते, मुलगा बाहेर पडतो आणि बाहेर कोण भेटते ते आपण जाणतोच.

प्रथम कायद्याची बाजू सांगतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, तो किरकोळ गुन्हा समजला जातो. फलाटावरची साधी चोरी सामान्यतः त्यात मोडते. मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत, आणि मंडळाने मुदत वाढवल्यास आणखी दोन महिन्यांत चौकशी संपवायची असते. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्या मुदतीतही ती संपली नाही, तर कार्यवाही तिथेच समाप्त होते. मध्यंतरी मुलाला अठरावे वर्ष पूर्ण झाले, तरी त्याला बालक धरूनच चौकशी पुढे चालते, त्यामुळे वाढदिवसाच्या धास्तीने घाई करण्याचे कारण नाही. कलम १८ प्रमाणे मंडळ समज देऊन सोडू शकते, समुपदेशनाचा किंवा समाजसेवेचा आदेश देऊ शकते, अथवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तीन वर्षांपर्यंत परिविक्षेखाली पालकांच्या किंवा ‘योग्य व्यक्ती’च्या ताब्यात देऊ शकते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते या ‘योग्य व्यक्ती’त आहे. मुलगा वडिलांच्या घरी गेलाच पाहिजे, असा कायद्याचा आग्रह नाही. ज्या घरात रोज संध्याकाळी दारू येते, त्या घरात नशा सोडू पाहणाऱ्या मुलाला ठेवणे म्हणजे त्याच्या निश्चयाची रोज परीक्षा घेणे आहे. तुमची तयारी असेल, तर ‘मुलाला काही काळ माझ्या घरी, माझ्या देखरेखीखाली ठेवावे’ असा अर्ज तुम्ही स्वतः मंडळापुढे द्या आणि बहिणीची संमती सोबत जोडा. तुम्ही योग्य व्यक्ती आहात की नाही याची मंडळ चौकशी करेल, परिविक्षा अधिकारी तुमच्या घरी येऊन पाहतील. ती चौकशी अपमान समजू नका. आईला रोज भेटता येईल एवढ्या अंतरावर, पण वडिलांच्या आरडाओरड्यापासून दूर, अशी जागा मामाच्या घराखेरीज दुसरी कुठे मिळणार?

सुरतबाबत एक गोष्ट नीट लक्षात घ्या. चौकशी चालू असताना किंवा परिविक्षेच्या काळात मुलाला मंडळाच्या परवानगीशिवाय परराज्यात धाडले, तर अटींचा भंग होईल आणि तारखेला तो हजर राहिला नाही, तर सगळा डाव उलटेल. भाऊबंदांना हे स्पष्ट सांगा.

आदेशाच्या तारखेपूर्वी परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटून पुढील गोष्टी लेखी ठरवून घ्या. मुलगा राहणार कोणाकडे, औषधे आणि समुपदेशन कुठे, कितव्या दिवशी, त्याला तिथे नेणार कोण, काम किंवा शाळा केव्हापासून, आणि त्याने पुन्हा नशा केल्याचे कळले तर पहिला फोन कोणाला करायचा. प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक काळजी आराखडा करण्याची तरतूद कायद्यात आहेच, परंतु तो आराखडा कुटुंबाने सांगितलेल्या खऱ्या माहितीवर उभा राहिला तरच उपयोगी पडतो. मेव्हण्यांची दारू लपवू नका. कुटुंबे नेमकी तीच गोष्ट लपवतात आणि मग अहवालात ‘घरचे वातावरण चांगले’ असे लिहिले जाते.


मनोविकार विभागातील परिचारिका, जळगाव जिल्हा

मामांच्या पत्रातले हाताचे कंप आणि झोप न लागणे हे वाचून मला तातडीने लिहावेसे वाटले.

कुत्ता गोळी म्हणून जी विकली जाते, ती बहुतेक वेळा अल्प्राझोलम असते. चिंताविकारावर डॉक्टर मोजक्या दिवसांसाठी देतात ते हे औषध अनुसूची एच-१ मध्ये आहे, म्हणजे औषधविक्रेत्याने चिठ्ठीशिवाय ते देऊ नये आणि देताना डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती नोंद तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. जो माणूस ही गोळी दीर्घकाळ आणि मोठ्या प्रमाणात घेत होता, त्याने ती एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतात. म्हणून तिची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. निरीक्षणगृहात असताना त्याला कोणती औषधे दिली, सध्या कोणती चालू आहेत आणि त्यांची मात्रा किती, याचा लेखी कागद ताब्यात घेतानाच मागून घ्या. ‘आता बरा झाला’ म्हणून घरी आल्यावर औषध बंद करणे आणि झोप येत नाही म्हणून गावातल्या दुकानातून झोपेची गोळी आणून देणे, या दोन्ही गोष्टी कटाक्षाने टाळा.

आणखी एक धोका घरच्यांना बहुधा कोणी सांगत नाही. काही आठवडे नशा न केलेल्या शरीराची सहन करण्याची शक्ती उतरलेली असते. मुलगा जुन्या मित्रांना भेटला आणि पूर्वी घेत होता तेवढ्याच गोळ्या, वर दारू, असे घेऊन बसला, तर त्याचा श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. ही गोष्ट त्याला धाक म्हणून सांगू नका, शांतपणे बसवून माहिती म्हणून सांगा. घोरणे विचित्र वाटले, हलवूनही जाग येत नसेल, तर कुशीवर वळवून ठेवा आणि १०८ ला फोन करा. पोलीस येतील या भीतीने थांबू नका.

सोल्युशनविषयी कुटुंबांना फार कमी ठाऊक असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, जे दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केले, हुंगण्याची द्रव्ये हा एकच प्रकार असा आढळला की ज्यात मुलांचे प्रमाण प्रौढांहून अधिक होते. स्वस्त आहे, किराण्यात आणि सायकलच्या दुकानात मिळते, आणि पोलीस बाटलीकडे पाहत नाहीत. त्यातले टोल्युइनसारखे द्रावक मेंदूला, चालण्याच्या तोलाला आणि हृदयाच्या ठोक्यांना इजा करते. ते सोडवण्यासाठी खास गोळी नाही, वेळ आणि सोबत हेच उपचार आहेत. मुलगा सोल्युशनचे फडके नाकाशी धरून बसलेला दिसला, तर त्याच्यावर ओरडू नका आणि त्याच्या मागे धावू नका. द्रावक ओढलेल्या अवस्थेत अचानक दचकल्याने किंवा पळाल्याने हृदय बंद पडून मृत्यू ओढवल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. फडके बाजूला घ्या, मोकळ्या हवेत बसवा, बोलायचे ते दुसऱ्या दिवशी बोला.

याच कारणाने कामाची निवड करताना नाकाचा विचार करा. आपल्याकडे मुलाला ‘धंदा शिकू दे’ म्हणून पहिल्यांदा गॅरेजवर लावतात. तिथे पेट्रोल, थिनर आणि सोल्युशन दिवसभर हाताशी असते. रंगकाम, फर्निचरचे पॉलिश, चपलांचे कारखाने यांतही तेच. जळगाव भागात पाइप आणि ठिबकची कामे मुबलक आहेत, पण पीव्हीसी पाइप जोडताना जे सॉल्व्हंट सिमेंट लावतात त्याचाही वास तसाच असतो. आणखी वर्षभर तरी ही कामे नकोत. केळीच्या पॅकिंगचे काम, रोपवाटिका, शिवणकाम, दुधाचा व्यवसाय यांत तो वास नाही.

पुढचा उपचार जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात, अथवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या बाह्यरुग्ण दिवशी घेता येईल. मार्गदर्शनासाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय टोल फ्री क्रमांक आहे आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६. खासगी केंद्रात ठेवण्याचा विचार झालाच, तर आधी स्वतः जाऊन पाहा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे अशा केंद्राची नोंदणी हवी, अल्पवयीन मुलाला प्रौढांपासून वेगळे ठेवायला हवे, त्याच्या सोबत पालकाला राहू द्यायला हवे, आणि साखळीने बांधणे तर पूर्ण निषिद्ध आहे. ‘तीन महिने भेटायला यायचे नाही, आम्ही सरळ करून देतो’ असे जिथे सांगतात, तिथून मुलाला घेऊन परत या. महाराष्ट्राला पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून दाखवून दिले आहे की घरच्यांना सोबत घेऊन, प्रेमाने उपचार करता येतात.


उधनाकर (मूळ शिंदखेडा तालुका)

मी अनेक वर्षे सुरतेत आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खान्देशातली इतकी माणसे आहेत की अहिराणीत बोलून दिवस काढता येतो. मीही गावातून असाच आलो आणि सुरतेने मला उभे केले, त्यामुळे या शहराविषयी मी वाईट बोलणार नाही.

तरीसुद्धा मामांना सांगतो की या मुलाला आत्ता पाठवू नका. लूमवर पाळी बारा तासांची असते, खोलीत एका वेळी दिवसपाळीची मुले झोपतात आणि ती उठली की रात्रपाळीची. झोपेचे चक्र आधीच बिघडलेल्या मुलाला रात्रपाळी दिली, तर जागे राहायला एक आणि झोपायला दुसरे असे तो शोधू लागेल, आणि गुजरातमध्ये दारूबंदी असली तरी शोधणाऱ्याला सगळे मिळते. पगार रोख हातात येतो. चुलत भाऊ कितीही भला असला, तरी तो स्वतः बारा तास यंत्राजवळ उभा असतो. तो मुलाकडे केव्हा पाहणार?

शिवाय अठराच्या आतल्या मुलाला यंत्रावर ठेवायला चांगला मालक तयार होत नाही. जो तयार होतो, तो वय लपवून ठेवतो आणि मजुरीही कमी देतो.

परिविक्षेचा काळ नीट पार पडला, मुलगा स्वतःहून म्हणाला, आणि इथे त्याच्यासोबत घर करून राहणारे कोणी असेल, तर एक-दोन वर्षांनी सुरत वाईट नाही. नवे शहर, नवी माणसे यांचा फायदा मी नाकारत नाही, कारण जुन्या फलाटापासून दूर जाणे काही मुलांना खरोखर मानवते. पण पाठवणी ही बोभाटा टाळण्यासाठी केली, हे मुलाला कळतेच, आणि ‘मला घरात जागा नाही’ असा त्याचा अर्थ तो लावतो.


फलाटावरची प्रवासी (पाचोरा)

मी या चर्चेत दुसऱ्या बाजूने लिहिते आहे. फलाटावर माझाही मोबाइल चोरीला गेला होता, आणि त्यात माझ्या वारलेल्या वडिलांचे आवाज मुद्रित केलेले होते. ते पुन्हा मिळाले नाहीत. मामांचा भाचा तो मुलगा असेल असे मी म्हणत नाही, परंतु या संपूर्ण चर्चेत ज्यांच्या वस्तू गेल्या त्यांचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही, याची खंत वाटली.

मुलाला तुरुंगात डांबावे, असे मला वाटत नाही. त्याने नशा सोडावी, शिकावे, कमवावे, असेच वाटते. मात्र आपण कोणाचे तरी नुकसान केले आहे, हे त्याला समोरासमोर जाणवले पाहिजे. माझा मोबाइल उचलणारा मुलगा एखाद्या मोठ्या माणसाबरोबर येऊन ‘मी घेतला होता’ एवढे म्हणाला असता, तर माझ्या मनातली भीती पुष्कळ कमी झाली असती. आता मी गाडीची वाट पाहताना फाटक्या कपड्यांतले प्रत्येक पोर पाहून पिशवी छातीशी धरते, आणि त्यात कितीतरी निरपराध मुलांचा अपमान होतो, हेही मला ठाऊक आहे.


निवृत्त परिविक्षा अधिकारी, धुळे

ताई, तुमचा मुद्दा योग्य आहे आणि तो सुधारणेच्या आड येणारा नाही. माझ्या अनुभवात ज्या मुलांनी स्वतःच्या कमाईतून थोडीफार भरपाई केली, ती अधिक ताठ मानेने वावरली. फक्त ही भेट मुलाची प्रकृती स्थिरावल्यावर, समोरच्या व्यक्तीची इच्छा असेल तरच, आणि परिविक्षा अधिकाऱ्यांच्या मार्फत व्हावी. गावाच्या पारावर चारचौघांत माफी मागायला लावणे हा वेगळा प्रकार आहे, त्याने मुलगा निर्ढावतो किंवा खचतो. मंडळाच्या समाजसेवेच्या आदेशाचाही असा उपयोग करता येतो, पण काम मुलाच्या वयाला आणि प्रतिष्ठेला शोभणारे असावे.


माध्यमिक शिक्षिका, अमळनेर

शाळेविषयी थोडेसे लिहिते. नववी झालेला मुलगा नियमित वर्गात पुन्हा बसायला तयार नसतो, कारण त्याच्याहून लहान मुलांत त्याला लाज वाटते. त्याच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसण्याचा मार्ग आहे. आपले तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळाखाली येतात, आणि फॉर्म भरण्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, म्हणून मामांनी जवळच्या शाळेत आताच चौकशी करावी. दहावी नकोच असेल, तर आयटीआयमध्ये वायरमन, वेल्डर यांसारख्या काही ट्रेडना आठवी उत्तीर्ण मुलांनाही प्रवेश मिळतो.

शाळा सोडल्याचा दाखला मागताना मुलगा कुठे होता, हे मुख्याध्यापकांना सांगण्याची तुमच्यावर सक्ती नाही. एखाद्या विश्वासू शिक्षकाला मात्र सांगून ठेवा. मुलगा वर्गात डुलक्या घेतो आहे तो औषधामुळे की दुसऱ्या कशामुळे, हे ओळखणारा एक तरी माणूस तिथे असावा.


तापीकाठचा मामा (चोपडा तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. बहिणीशी आणि माझ्या घरी बोलणे झाले. भाच्याला माझ्याकडेच ठेवावे, असे आम्ही ठरवले आहे आणि तसा अर्ज देणार आहोत. माझी केळीची थोडी बाग आहे, तिथे तो सकाळी माझ्यासोबत राहील. फवारणीच्या औषधांची खोली कुलपात ठेवण्याचे मी परिचारिका ताईंचे पत्र वाचल्यावर मनाशी ठरवले. मेव्हण्यांना दवाखान्यात नेण्याचे मात्र अजून जमलेले नाही, त्यांनी नकार दिला आहे.

पाचोऱ्याच्या ताईंनी लिहिलेले मी बहिणीला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने भाच्याच्या पहिल्या कमाईतले पैसे बाजूला ठेवू, असे सांगितले.

आता एक नवी अडचण उभी राहिली आहे. त्याला पकडले त्या वेळी कोणीतरी काढलेली चित्रफीत आमच्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पुन्हा फिरू लागली आहे. त्यात त्याचा चेहरा दिसतो आणि खाली गावाचे नाव लिहिले आहे. दुसरी काळजी अशी की तो आल्यावर परिसरात कुठेही चोरी झाली, की पोलीस पहिल्यांदा त्यालाच उचलतील, असे लोक आत्तापासून बोलू लागले आहेत. त्याला सैन्यात किंवा पोलिसात भरती होण्याची लहानपणापासून इच्छा होती, तीही आता संपली, असे सगळे म्हणतात. या तिन्ही गोष्टींवर कायदा काय म्हणतो?


वकील, विधी सेवा पॅनेल, जळगाव जिल्हा

मामा, तिन्ही प्रश्नांना कायद्यात स्पष्ट उत्तर आहे, फक्त ते योग्य ठिकाणी योग्य वेळी मांडावे लागते.

चित्रफितीसंबंधी बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ आहे. कायद्याशी संघर्षात आलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील वर्तमानपत्रात, दृक्‌श्राव्य माध्यमात किंवा संपर्काच्या अन्य कोणत्याही साधनाद्वारे उघड करण्यास मनाई आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा गट त्यातून सुटत नाही. या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. प्रथम गटाच्या प्रमुखाला आणि सरपंचांना भेटून कलमासहित समजावून सांगा, बहुतेक ठिकाणी तेवढ्याने चित्रफीत काढली जाते. न काढल्यास पडद्याचे छायाचित्र (स्क्रीनशॉट) आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक जपून ठेवून मंडळाकडे आणि पोलीस ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. तक्रारीसाठी ती चित्रफीत तुम्ही स्वतः मात्र पुढे पाठवू नका.

भरतीबाबत लोक म्हणतात ते खरे नाही. कलम २४ असे सांगते की या अधिनियमाखाली ज्या बालकाचे प्रकरण हाताळले गेले, त्याला त्या दोषामुळे कोणतीही अपात्रता चिकटणार नाही. सोळा वर्षांवरील मुलाचा निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालून बाल न्यायालयाने दोषी ठरवले, तरच याला अपवाद आहे, आणि तुमचे प्रकरण त्या वर्गातले नाही. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य पडताळणीसाठी पोलिसांनी त्या नोंदी उघड करू नयेत, हेही कलम ७४ मध्येच लिहिलेले आहे. तरीही भरतीचा अर्ज भरताना प्रत्येक रकाना एखाद्या वकिलाला दाखवून भरा, कारण प्रश्नाची शब्दरचना दर वेळी वेगळी असते.

पोलिसांच्या धास्तीविषयी मला अधिक लिहायचे आहे, कारण याच टप्प्यावर मुले पुन्हा मोडताना मी पाहिली आहेत. चोरी कोणीही केली तरी रात्री दारात गाडी येते, मुलाला ‘चौकशीला’ नेतात, सकाळी सोडतात, आणि कामावर मालक म्हणतो की उद्यापासून येऊ नको. कायद्याने बालकाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ताब्यात घेतले, तर त्याला विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवावे लागते आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत मंडळापुढे हजर करावे लागते. बेड्या घालता येत नाहीत. पालकांना कळवणे बंधनकारक आहे. मुलगा घरी आला की पहिल्याच आठवड्यात तुम्ही त्याला घेऊन, परिविक्षा अधिकाऱ्यांच्या पत्रासह, ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांना दिवसाउजेडी भेटून या. मुलगा कोणाकडे राहतो, कुठे काम करतो, उपचार कुठे चालू आहेत, हे त्यांना माहीत असले की रात्रीच्या फेऱ्या पुष्कळ कमी होतात. चांगले अधिकारी अशी भेट लक्षात ठेवतात, आणि असे अधिकारी आपल्या जिल्ह्यात आहेत.

आणखी एक बाब तुम्ही विचारलेली नाही, पण ती महत्त्वाची आहे. भाच्याला त्या गोळ्या आणि सोल्युशन कोणी दिले? त्याच्याकडून कोणी पुड्या किंवा गोळ्या पोहोचवून घेतल्या का? बालकाला अमली पदार्थ देणाऱ्याला कलम ७७ खाली आणि त्याच्याकडून विक्री किंवा वाहतूक करवून घेणाऱ्याला कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. शिरपूर तालुक्यातल्या सातपुड्याच्या पट्ट्यात गांज्याच्या शेतीवर कारवाया होत असल्याचे आपण वारंवार वाचतो, पण शहरात तो माल हातोहात फिरवण्यासाठी अल्पवयीन मुलेच पुढे केली जातात आणि पकडलीही तीच जातात. मुलाने जे ठाऊक आहे ते सांगावे यासाठी त्याच्यावर दबाव आणू नका. तो स्वतःहून बोलला, तर आधी वकिलाशी बोला, कारण त्या माणसांचा राग मुलावर निघण्याचा धोका असतो आणि संरक्षणाची मागणी सोबतच करावी लागते.

अठरावे वर्ष उलटल्यावर तो नशेच्या पदार्थासह सापडला, तर मात्र अमली पदार्थ कायदा, १९८५ थेट लागू होईल. त्याही कायद्यात कलम ६४-अ आहे. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने शासनमान्य ठिकाणी उपचार घेऊ इच्छित असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, परंतु उपचार अर्धवट सोडल्यास ते संरक्षण काढून घेता येते. म्हणून आजपासूनच्या उपचारांचे सर्व कागद, तारखांसह, एका फायलीत ठेवा.

बालकाला वकील विनामूल्य मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, चोपड्याला तालुका समितीकडेही अर्ज देता येतो. ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मुलाचा ताबा मागणारा तुमचा अर्ज आणि चित्रफितीची तक्रार हे दोन स्वतंत्र कागद करा, बहिणीची सही पहिल्यावर घ्या, दोन्ही तारखेच्या आधी मंडळाच्या कार्यालयात द्या, आणि प्रत्येकाची पोच मागून घ्या.